फादरांचा मान राखून आपले म्हणणे कसे मांडावे?

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये ही त्यांची विनंती रास्तच आहे, कारण आपल्या खान्देशातील कॅथलिक धर्मग्रामे (पॅरिश) लहान असतात आणि कोण कोणाविषयी बोलत आहे हे दोन ओळींत ओळखू येते. त्या लिहितात की, गेल्या जूनमध्ये त्यांच्याकडे नवे, वयाने तरुण फादर बदलून आले. आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी रविवारची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, सकाळी आठऐवजी साडेसहाला ठेवली आणि धर्मग्रामाच्या सणाची वर्गणी वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या ज्येष्ठांकडे मागच्या सणाचा हिशेब मागितला. एका रविवारी हे कुटुंब उशिरा पोहोचले, तेव्हा फादरांनी प्रवचन थांबवून त्यांच्या यजमानांचे नाव घेतले आणि "घड्याळ घरी विसरलात का?" असे सर्वांसमोर विचारले. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा त्या वेळी वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करणारा मुलगा, म्हणून वेदीजवळच उभा होता. आता तो म्हणतो की, मी पुन्हा वेदीवर जाणार नाही.

घरात दोन तट पडले आहेत. सासरे म्हणतात, "फादर देवना माणूस शे", त्यांच्याविरुद्ध एक शब्दही काढणे पाप आहे. यजमान म्हणतात की, मान मागून मिळत नसतो. दरम्यान व्हॉट्सॲपच्या गटावर फादरांविषयी रोज काही ना काही येते आणि त्यांची बदली करावी म्हणून बिशपांना पाठवायच्या अर्जावर सह्या गोळा होत आहेत. "मी सही करू का? फादरांबद्दल तक्रार करणे पाप आहे का? आणि मुलाला काय सांगू?" असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

भगिनी, तुमच्या पत्रात राग आहे, परंतु त्याहून अधिक काळजी आहे, आणि म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुमचे सासरे जे म्हणतात त्याचा गाभा खरा आहे, आणि तो यजमानांनीही समजून घ्यावा असा आहे. गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू होण्याचा, विधी ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, दीक्षार्थी वेदीपुढे जमिनीवर पालथा पडून राहतो आणि त्याच्यासाठी सर्व संतांची लितानी, म्हणजे त्यांची नावे घेत केलेली प्रार्थना, म्हटली जाते. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि पुढे त्याच्या दोन्ही तळहातांना पवित्र तेलाचा अभ्यंग करतात. याच हातांनी तो पुढे आयुष्यभर भाकर उचलतो, बालकाच्या डोक्यावर पाणी ओततो, मरणाच्या दारी असलेल्या माणसाच्या कपाळाला तेल लावतो. या हातांतून मिळणारी कृपा त्या माणसाच्या स्वभावावर, हुशारीवर किंवा सौजन्यावर अवलंबून नसते, ही चर्चची फार जुनी आणि ठाम शिकवण आहे. रागीट फादरांनी केलेली मिस्सा ही पूर्ण मिस्सा असते आणि त्यांनी दिलेली पापक्षमा ही पूर्ण पापक्षमा असते. आपल्यासारख्या सामान्य भाविकांना याचा मोठाच आधार आहे, कारण फादर बदलले म्हणून आपली मिस्सा कमी-जास्त होत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२६ साली, मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेल्या आपल्या मृत्युपत्रात म्हटले आहे की, धर्मगुरूंनी माझा छळ केला तरी मी त्यांच्याकडेच जाईन, कारण प्रभूचे शरीर आणि रक्त या जगात मला त्यांच्याच हातून मिळते. स्वतः फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मात्र सासऱ्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग, म्हणजे एक शब्दही काढू नये हा, चर्चने कधीच शिकवलेला नाही. अंत्युखियात प्रेषितांचा प्रमुख पेत्र चुकीचे वागत आहे असे दिसल्यावर पौलाने त्याला तोंडावर अडवले, हे बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वतः पौलानेच लिहिले आहे. पोप अकरावे ग्रेगरी फ्रान्समधील अविन्यो येथे राहत होते, तेव्हा सिएनाच्या संत कॅथरिन या स्त्रीने त्यांना पत्रांवर पत्रे लिहून रोमला परतण्याची निकड घातली. त्या पत्रांतील भाषा कठोर आहे, तरीही त्याच पत्रांत ती त्यांना पृथ्वीवरचा गोड ख्रिस्त म्हणते. १३७७ साली पोप रोमला परतले, आणि १९७० साली चर्चने कॅथरिनला 'चर्चची आचार्या' ही पदवी दिली. स्पष्ट बोलणे आणि मनापासून मान देणे ही दोन्ही कामे एकाच पत्रात, एकाच व्यक्तीकडून होऊ शकतात, हे तिने सहा शतकांपूर्वी दाखवून दिलेले आहे. आजच्या चर्चच्या कायद्यातही हेच आहे. १९८३ च्या कायदासंहितेतील २१२ व्या कॅननप्रमाणे, म्हणजे कलमाप्रमाणे, चर्चच्या हिताच्या बाबतीत आपले मत मेंढपाळांना, म्हणजे बिशप व धर्मगुरूंना, कळवणे हा भाविकांचा हक्क आहे आणि काही वेळा ते कर्तव्यही ठरते. अट इतकीच की, ते श्रद्धेला धरून, मेंढपाळांविषयी आदर ठेवून, सर्वांचे हित आणि व्यक्तीची प्रतिष्ठा लक्षात घेऊन व्हावे. तेव्हा तक्रार करणे पाप आहे का, याचे उत्तर नाही असे आहे. ती कशी केली आणि कोणापुढे केली, यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे.

आता तुमच्या तक्रारींकडे वळतो. त्या सारख्या वजनाच्या नाहीत, आणि मला वाटते की, त्या एकत्र बांधल्या गेल्यामुळेच तुमच्या मनाचा गोंधळ झाला आहे.

प्रवचन थांबवून एखाद्याचे नाव घेणे चूक होते. यात मी आडपडदा ठेवणार नाही. प्रवचन हा मिस्सेचा भाग आहे. त्या दिवशी वाचलेली पवित्र वचने लोकांच्या जीवनाशी जोडून सांगणे हे त्याचे काम आहे, आणि ते काम चर्चने धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्याकडेच राखून ठेवले आहे, ते याच गांभीर्यामुळे. ज्या जागेवरून उत्तर देण्याची कोणालाच मुभा नाही, त्या जागेवरून एका माणसाला त्याच्या मुलादेखत टोचून बोलणे हे त्या जागेला शोभणारे नाही. उशीर हा खरा प्रश्न असेल तर तो सर्वांना उद्देशून, किंवा नंतर एकट्याला बोलावून सांगता आला असता. यजमानांना लागले, ते लागण्यासारखेच होते.

मिस्सेच्या वेळेची गोष्ट वेगळी आहे. वेळ ठरवणे हे प्रमुख धर्मगुरूंच्या अधिकारातील काम आहे. पॅरिश कौन्सिलने, म्हणजे धर्मग्रामाच्या भाविकांच्या मंडळाने, सल्ला द्यायचा असतो, निर्णय द्यायचा नसतो. तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, फादर आता दर रविवारी सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन पाड्यांवर मिस्सेसाठी जातात आणि पूर्वी त्या लोकांना महिन्यातून एकदाच मिस्सा मिळत असे. मग साडेसहाची वेळ कुठून आली हे तुमच्याच पत्रात आहे. त्यांचा रविवार डोळ्यांपुढे आणून पाहा. पहाटे उठून आपल्याकडची मिस्सा, लगेच मोटारसायकल काढून चाळीस-पन्नास किलोमीटर, तिथे पापनिवेदने, मिस्सा, आजाऱ्यांच्या घरी जाणे, मग दुसरा पाडा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हा परतीचा प्रवास भर दुपारच्या उन्हात. रविवारी तीन मिस्सा ही चर्चच्या कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे आणि त्याही बिशपांच्या परवानगीने, भाविकांची खरी गरज असेल तरच करता येतात. हे फादर ती मर्यादा गाठत आहेत. पाड्यावरचा पावरा आदिवासी ख्रिस्ती आणि तालुक्याच्या गावातील आपण, दोघांचाही त्यांच्यावर सारखाच हक्क आहे.

तरीही तुमची अडचण खोटी ठरत नाही. सासऱ्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेची थंडी हाडात शिरते, आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांना त्या वेळेला एसटी मिळत नाही. याची माहिती फादरांना असेलच असे धरून चालू नका, कारण ते या भागात नवे आहेत. त्यांच्यापुढे एक मार्ग ठेवता येईल: शनिवारी संध्याकाळी मिस्सा ठेवली तर रविवारचे कर्तव्य त्या मिस्सेनेही पूर्ण होते, कॅनन १२४८ मध्ये तशी तरतूद आहे. निदान थंडीच्या दोन महिन्यांपुरती वयस्कर मंडळींसाठी ही सोय होऊ शकते. ज्यांना घराबाहेर पडणेच अवघड आहे, त्यांच्यापर्यंत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, घरी पोहोचवण्याची व्यवस्थाही फादरांना विचारून करून घेता येते. मागणी नेमकी असली आणि तिच्यासोबत मार्गही असला की, ती मान्य होण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

हिशेबाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे फादरांच्या बाजूने आहे आणि हे वाचून तुमच्या घरात कोणाला वाईट वाटले तरी लिहिणे भाग आहे. तुम्ही एका ओळीत सांगितले आहे की, सणाची वर्गणी सांभाळणाऱ्यांमध्ये तुमचे चुलत सासरे आहेत आणि सह्यांचा अर्जही त्याच मंडळींनी काढला आहे. त्यांनी पैसा खाल्ला असे मी मुळीच म्हणत नाही. अशी माणसे बहुधा पदरचे घालून सण पार पाडतात, मंडपवाल्याकडे उधारी स्वतःच्या नावावर ठेवतात आणि वहीत लिहायचे राहून जाते. त्यामुळे हिशेब मागितला की, त्यांना तो अविश्वास वाटतो आणि दुखावलेला माणूस मग दुसरीच कारणे पुढे करतो. पण देवाच्या नावाने गोळा झालेल्या पैशाचा हिशेब असणे यात कोणाचाही अपमान नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे, असे कॅनन ५३७ सांगतो. जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, हेही त्याच संहितेत आहे. शिवाय नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेला १९५० च्या अधिनियमाप्रमाणे हिशेब तपासून घ्यावेच लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला वर्गणीवाल्यांचा मोठेपणा सांगून चालत नाही. उद्या काही विचारणा झाली तर उत्तर फादरांनाच द्यावे लागेल. तुमच्या चुलत सासऱ्यांकडे जा आणि आहेत तेवढ्या पावत्या एका पाकिटात घालून, जिथे पावती नाही तिथे रक्कम आणि कारण लिहून, ते पाकीट फादरांच्या हाती द्यायला सांगा. ही एक गोष्ट झाली तर अर्धे वादळ शमेल, असे मला वाटते. फादरांनीही हिशेब मागताना इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आधी चार आभाराचे शब्द बोलायला हवे होते. भेटीत ते त्यांना अवश्य सांगा.

म्हणूनच त्या अर्जावर सही करू नका. प्रमुख धर्मगुरूंना पदावरून दूर करण्याची कारणे चर्चच्या कायद्यात दिली आहेत: धर्मग्रामाला गंभीर हानी पोहोचेल असे वर्तन, काम झेपेनासे करणारे कायमचे आजारपण, चांगल्या लोकांमध्ये गेलेली पत, कर्तव्यात मोठी हयगय, पैशाचा बेजबाबदार कारभार. त्यातही बिशपांना आधी चौकशी करून, ठरलेल्या दोन धर्मगुरूंशी विचारविनिमय करूनच पाऊल उचलता येते. साधी बदली हा बिशपांच्या नेहमीच्या कारभाराचा भाग असला तरी, मिस्सेची वेळ आणि मागितलेला हिशेब ही तिच्यासाठी करायच्या अर्जाची कारणे नव्हेत. चार तक्रारी एकत्र बांधून त्यांना पन्नास सह्या जोडल्या की, त्यातली एक खरी तक्रार, म्हणजे प्रवचनातील अपमान, ढिगाखाली गाडली जाते.

आणि व्हॉट्सॲपचा तो गट. एखाद्याचा दोष खरा असला तरी सबळ कारणाशिवाय तो न जाणणाऱ्यांपुढे उघड करणे हा अपराध आहे, असे 'चर्चची धर्मशिकवण' हा ग्रंथ (कॅटेकिझम) क्रमांक २४७७ मध्ये स्पष्ट सांगते. खोटे पसरवणे त्याहून गंभीर. तुमच्या गटावरचा मजकूर तुम्ही पत्रासोबत पाठवला आहे. त्यात फादरांच्या गावाविषयी, जातीविषयी आणि मराठी उच्चारांविषयी जे लिहिले आहे, ते वाचून मला फार वाईट वाटले. दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेला एक तरुण आपली भाषा शिकून आपल्यापुढे पवित्र वचने वाचतो, त्याचे 'ळ' आणि 'ण' आपल्या हसण्याचा विषय होऊ नयेत. एक गोष्ट त्या गटातील मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. कॅनन ५३४ प्रमाणे प्रमुख धर्मगुरूंनी दर रविवारी आणि बंधनकारक सणांना एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातील लोकांसाठी अर्पण करायची असते. तिचे दान ते घेत नाहीत, तिच्यासाठी कोणी हेतू, म्हणजे कोणासाठी प्रार्थना करायची ते, देत नाही. शनिवारी रात्री ज्यांनी त्यांच्याविषयी ते सारे लिहिले, त्यांच्यासाठीही सकाळी तीच मिस्सा होते. तुम्ही गटावर भांडण करू नका. "मी हे फादरांशी प्रत्यक्ष बोलणार आहे, येथे लिहिणार नाही" एवढे एकदा लिहा आणि थांबा.

मुलाविषयी. त्याच्यापासून काही लपवू नका, कारण त्याने सर्व पाहिले आणि ऐकले आहे. त्याला सांगा की, त्या दिवशी फादर बाबांशी जसे बोलले ते बरोबर नव्हते आणि मोठी माणसेही चुकतात. बाबा त्यांच्याशी बोलणार आहेत. त्याने वेदीवर जावे म्हणून जबरदस्ती करू नका. दोन-तीन रविवार त्याला तुमच्याजवळ बाकावर बसू द्या. मात्र जेवताना त्याच्यासमोर फादरांचा विषय काढणे आजपासून बंद करा, कारण मुले घरातील रागाला आपला राग समजतात. यजमान आणि फादर एकमेकांशी नीट बोलताना त्याला दिसले की, तो बहुधा आपण होऊन परत जाईल.

आणखी एक गोष्ट येथेच लिहितो, तुमच्या फादरांच्या संदर्भात नव्हे, तर प्रत्येक आईवडिलांसाठी. आतापर्यंत जे लिहिले ते सर्व स्वभाव, वेळ, बोलणे यांविषयी आहे. मुलाच्या अंगाला कोणी चुकीचा हात लावला, त्याला काही गुप्त ठेवायला सांगितले, तर तिथे एकांतात जाऊन समजूत काढण्याचा किंवा पदाचा मान राखण्याचा प्रश्नच येत नाही, मग समोर कोणीही असो. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आदेशाप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारी घेण्याची व्यवस्था असावी लागते. आपल्याला काहीही सांगता येते आणि आईबाबा विश्वास ठेवतात, हे मुलाला आजच माहीत असू द्या.

आता भेट. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला क्रम साधा आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, मग मंडळीला सांगा. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. भेटीसाठी मिस्सेनंतरची वेळ निवडू नका. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधील तयारीच्या खोलीच्या, दारात त्या दहा मिनिटांत काय चालते ते तुम्ही पाहिलेच असेल: फादरांच्या अंगावरचा झगा अजून निम्मा उतरलेला असतो, एकाला बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सही हवी असते, दुसरी मेलेल्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगत असते, एक लहान मुलगी माळ आशीर्वादित करून घ्यायला हात वर करून उभी असते, वेदीसेवक मेणबत्त्या विझवून आत येत असतात, आणि फादरांची नजर घड्याळाकडे असते, कारण पाड्यावर लोक वाट पाहत आहेत. त्या गर्दीत काढलेल्या विषयाला नीट उत्तर मिळणे अशक्य आहे. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळची वेळ फोनवर मागून घ्या आणि तुम्ही दोघे पतिपत्नी जा. सासऱ्यांना नेऊ नका, ते फादरांसमोर बसणारही नाहीत. त्या दिवशी भरीत-भाकरीचा डबा नेऊ नका. एरवी तो जरूर पाठवा, एकट्याने जेवणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते. पण तक्रार आणि पाहुणचार एकाच दिवशी नकोत, दोन्ही बाजूंना संकोच होतो आणि मूळ गोष्ट बोलायची राहते.

यजमानांनी पहिले वाक्य आपल्या उशिराबद्दल बोलावे, कारण उशीर झाला होता हे खरे आहे. त्यानंतर सरळ सांगावे: "फादर, त्या दिवशी तुम्ही माझे नाव घेतलेत, माझा मुलगा समोर उभा होता, आणि मला फार लागले. पुढे काही सांगायचे असेल तर मला बोलावून सांगा, मी येईन." एवढेच. ग्रुपवर काय चालले आहे, कोण काय म्हणतो, मागचे फादर कसे होते, यातले काहीही बोलू नये. मागच्या फादरांशी तुलना तर कोणत्याच फादरांपुढे करू नये. मग तुम्ही शनिवारच्या मिस्सेचा विषय काढा आणि कोणकोणत्या खेड्यांतून किती वयस्कर माणसे येतात ती यादी कागदावर लिहून द्या.

फादरांनी ऐकून घेतले, तर विषय तेथेच संपवा. त्यांनी जाहीर माफी मागावी अशी अपेक्षा धरू नका. ऐकले नाही, तर पॅरिश कौन्सिलमधील एका समंजस सभासदाला बरोबर घेऊन पुन्हा एकदा जा. तरीही प्रवचनातून नावे घेणे चालूच राहिले, तर नाशिकला बिशपांना पत्र लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून आपल्या खान्देशचे तिन्ही जिल्हे त्याच धर्मप्रांतात आहेत. ते पत्र एका पानाचे असावे, त्यात तारीख आणि घडलेली गोष्ट असावी, ऐकीव काही नसावे, हिशेबाचा उल्लेख नसावा, आणि खाली तुमचे व यजमानांचे खरे नाव, पत्ता आणि सही असावी. त्याची एक प्रत आधी फादरांना द्या, म्हणजे बिशपांनी विचारले तेव्हा त्यांना ते पहिल्यांदा कळते आहे असे होणार नाही.